मोबाईलला येतंय, लॅपटॉपला येईना : टॉवेल कारखान्यातलं एक वायफाय प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे. खाली पत्र्याच्या शेडमध्ये माग, कडेने जिना, वर ऑफिस. ऑफिसात तीनच माणसं बसतात : मालक, त्यांचा मुलगा आणि बिलं-हिशेब सांभाळणाऱ्या मॅडम. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी शहरातल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क बघतो. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा ते बरंच जुनं झालं होतं, आणि बिघाड कुठे आहे याबद्दल दोन जाणकारांची दोन ठाम मतं आधीच देऊन झाली होती.

मॅडमच्या लॅपटॉपवर कारखान्याचं सगळं कागदपत्र चालतं. टॅलीतले हिशेब, जीएसटीचे रिटर्न, बँक, आणि रोजच्या रोज ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद. इथला बराच माल हैदराबादला जातो. राज्याबाहेर पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल पाठवायचा तर गाडी हलण्याआधी ई-वे बिल लागतं. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. त्यामुळे ते आदल्या रात्री काढून ठेवलं असं सहसा होत नाही. गाडी भरली, वजन आणि गाडी नंबर आला की बिल काढायचं, हीच पद्धत. त्या दहा मिनिटांत नेट नसलं की ड्रायव्हर जिन्यात येऊन उभा राहतो.

लॅपटॉप आदल्या दिवाळीत घेतलेला, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला, साफसूफ करून पुन्हा विकलेला. राउटर त्यानंतर, फेब्रुवारीत, जुनं कनेक्शन बदलून फायबर घेतलं तेव्हा केबलवाल्याने बसवून दिलेला. या दोन तारखांचा क्रम पुढे महत्त्वाचा ठरला.

अडचण

मॅडमनी फोनवर सांगितलं ते असं : "सर, आमचं वायफाय लॅपटॉपला दिसंनाच झालंय बघा. मोबाईलला फुल येतंय. मालकांना येतंय, ड्रायव्हरला येतंय, मलाच तेवढं नाही."

अशा तक्रारीत मी सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो : नेटवर्कचं नाव यादीत दिसतच नाही, की दिसतं पण जोडत नाही, की जोडतं पण नेट चालत नाही? लोक तिन्हीला "वायफाय येईना" असंच म्हणतात, पण हे तीन वेगळे रोग आहेत. नाव दिसून जोडत नसेल तर पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार, जतन झालेली जुनी माहिती, राउटरमध्ये कुणी लावलेली बंदी, असा शोध घ्यायचा. जोडून नेट नसेल तर आयपी पत्ता, डीएनएस, केबलवाल्याची लाईन. नावच नसेल तर यातलं काहीही बघण्यात अर्थ नाही, कारण लॅपटॉप आणि राउटर यांची अजून भेटच झालेली नाही. पासवर्ड दहा वेळा टाईप करूनही तिथे काही होणार नाही.

मॅडमचं उत्तर स्पष्ट होतं. यादीत नावच नाही. बाकीची येतात? "येतात की. शेजारच्या कारखान्याचं येतंय, पलीकडच्या गोडाऊनचं येतंय. आपलंच नाही."

आणि दुसरी गोष्ट, जिने सगळ्यांना चकवलं होतं : हे रोज होत नव्हतं. कधी चार दिवस सुरळीत चालायचं, मग एका दुपारी नाव गायब. कधी दुसऱ्या दिवशी परत, कधी आठवडाभर नाही.

आधी काय काय होऊन गेलं होतं

पहिल्यांदा केबलवाल्याचा मुलगा आला. त्याने राउटर बंद करून चालू केला. नाव आलं, लॅपटॉप जोडला गेला, तो गेला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी राउटर बंद-चालू करूनही आलं नाही. त्याने स्वतःच्या मोबाईलवर स्पीड काढून दाखवला आणि म्हणाला, "अण्णा, आपलं नेट एकदम ओके आहे. सगळ्या मोबाईलला चालतंय म्हणजे लॅपटॉपचंच काम आहे."

मग लॅपटॉप नव्या पेठेतल्या एका दुकानात गेला. तिथे उघडल्याबरोबर दुकानाचं वायफाय पकडलं. दुकानदाराने तरीही वायफाय कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नवा टाकला, विंडोजमधलं नेटवर्क रिसेट केलं आणि परत दिला. संध्याकाळी कारखान्यात नाव दिसलं. सगळ्यांनी धरून चाललं की रिसेटने काम झालं. तीन दिवसांनी गायब. दुकानदाराचं म्हणणं, "इथे लागतंय म्हणजे मशीन चांगलं आहे, राउटर बदलून घ्या. नाहीतर एकदा फॉरमॅट मारून बघू."

दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं, कुणी टाळाटाळ करत नव्हतं. राउटर ठीक होता. लॅपटॉपही ठीक होता. प्रत्येकाने आपल्या बाजूची वस्तू तपासली, ती चांगली निघाली, आणि त्यावरून दुसऱ्याची वाईट असणार असं ठरवलं. दोन धडधाकट वस्तूंमध्येही ताळमेळ नसू शकतो, ही शक्यता कुणाच्या डोक्यात आली नाही.

मधल्या काळात मालकांचा मुलगा मोबाईलचं हॉटस्पॉट देत होता. तो बाहेर गेला की मॅडमचं काम अडायचं. एकदा हैदराबादची भरलेली गाडी तेवढ्यासाठी अर्धा तास थांबली, आणि मालकांनी फॉरमॅटला होकार दिला.

पहिला निर्णय : फॉरमॅट करायचा की थांबायचं

मी पोचलो त्या दिवशी लॅपटॉप दुकानात न्यायची तयारी झाली होती. मे महिन्याचे पहिले दिवस. एप्रिलच्या विक्रीचा जीएसटीआर-१ हा रिटर्न अकरा तारखेच्या आत भरायचा होता. टॅलीच्या डेटाची शेवटची प्रत मॅडमच्या पेनड्राईव्हवर होती, पण ती मार्चअखेरची. म्हणजे फॉरमॅटमध्ये काही हरवलं असतं तर महिन्याभराच्या नोंदी पुन्हा बिलांवरून कराव्या लागल्या असत्या.

मी मालकांना एवढंच म्हटलं, की लॅपटॉप शेजारच्यांची वायफाय बघतोय, दुकानात जोडला गेला, हॉटस्पॉटला जोडला जातोय. विंडोज बिघडलेलं असतं तर या सगळ्या ठिकाणी त्रास झाला असता. आजचा दिवस द्या, आधी डेटाची ताजी प्रत काढू या. त्यांनी दिला. टॅलीचा बॅकअप आम्ही दोन ठिकाणी घेतला आणि मगच बाकीच्या गोष्टींना हात लावला. दुरुस्ती काहीही निघो, बॅकअप त्याच्या आधी, याबद्दल माझं मत पक्कं आहे. महिन्याभराची मेहनत घालवून मिळालेलं वायफाय कुणालाच परवडत नाही.

तपास

सोपे संशय आधी संपवले. विमान मोड बंद, वायफायचं बटण चालू, डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्ड नीट दिसतंय, वायफायची सेवा सुरू. राउटरचं नाव लपवून ठेवलेलं नाही, कारण मोबाईलला दिसतंय. लॅपटॉप उचलून राउटरच्या अगदी जवळ नेला. तरी नाव नाही. अंतर आणि भिंती इथेच बाद झाल्या.

मालकांचा संशय मागांवर होता. पत्र्याचं छप्पर, खाली लोखंडाचे माग, त्यांच्या मोटारी. त्यांना वाटत होतं की यातलंच काहीतरी लहरी अडवतंय. पत्रा लहरी अडवतो हे खरं आहे, पण तो मोबाईलसाठी वेगळा आणि लॅपटॉपसाठी वेगळा वागत नाही. तरी त्यांच्या मनातली शंका राहू नये म्हणून बघायचं ठरलं. माग मुद्दाम थांबवले तर विणकरांचं नुकसान, त्यामुळे दुपारी जेवणाच्या सुट्टीची वाट बघितली. शेड शांत झाली. यादीत बदल नाही. माग पुन्हा सुरू झाले, तरी बदल नाही.

मग मी तारखा विचारायला घेतल्या. मॅडमना नक्की आठवत नव्हतं, पण त्यांच्याकडे एक खूण होती : हॉटस्पॉटवर काम केलं त्या दिवशी मालकांच्या मुलाला त्या नेटपॅकचे पैसे देत आणि खर्चाच्या वहीत लिहीत. त्यावरून गायब होण्याचे दिवस मिळाले. त्या दिवशी काय वेगळं झालं असेल? एप्रिल-मे म्हटलं की सोलापुरात दुपारी चाळीसच्या वर पारा, आणि संध्याकाळी वळीव आला की लाईट जाते. कारखान्यात लाईट गेल्याची वेळ लिहिलेली असते, कारण माग बंद राहिल्याचा हिशेब उत्पादनात धरावा लागतो. मी खाली जाऊन जॉबरमामांना, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्यांना विचारलं. त्यांनी रजिस्टर काढून दिलं, वर म्हणाले, "मिनिटासाठी गेली तरी लिहितो बघा मी. सुटलेलं नाही एकही."

खर्चाची वही आणि रजिस्टर शेजारी ठेवून बघितलं. वायफाय गायब होण्याची प्रत्येक वेळ लाईट जाऊन आल्यानंतरची होती. उलट मात्र खरं नव्हतं : लाईट गेली आणि वायफायला काहीच झालं नाही, असे दिवसही बरेच होते. मालकांच्या मुलाच्या मनात लाईटचा विचार आधी आला होता आणि याच कारणाने त्याने तो सोडून दिला होता. "दरवेळी होत नाही, म्हणजे त्याचा संबंध नाही," असं त्याला वाटलं.

मला मात्र हाच धागा सगळ्यात कामाचा वाटला. लाईट गेली की लॅपटॉपला फरक पडत नाही, त्याला बॅटरी आहे. बंद होऊन चालू होतो तो राउटर. आणि राउटर चालू होताना एक गोष्ट दरवेळी नव्याने ठरवतो, तिचा निकाल कधी असा तर कधी तसा लागतो : चॅनल, म्हणजे वायफायच्या पट्ट्यातली कुठली जागा वापरायची ते.

मोबाईलवर आजूबाजूच्या वायफायचे चॅनल दाखवणारं अॅप उघडलं. शेजारचा कारखाना १ वर, गोडाऊन ६ वर, आणखी दोघं ११ वर. कारखान्याचा स्वतःचा राउटर १३ वर.

चॅनल १३ चं प्रकरण काय आहे

वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. त्यात पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने चॅनल आखलेले आहेत : १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झ, ६ म्हणजे २४३७, ११ म्हणजे २४६२, १३ म्हणजे २४७२. भारतात २४०० ते २४८३.५ हा पट्टा विनापरवाना वापराला खुला आहे, म्हणून आपल्याकडे विकलेला राउटर १ ते १३ यातला कुठलाही चॅनल घेऊ शकतो. अमेरिकेत या पट्ट्याच्या लगेच वरचा भाग राखीव असल्याने १२ आणि १३ वर ताकद फार कमी ठेवावी लागते. त्या कटकटीत न पडता तिथे विकायच्या यंत्रांना बहुतेक कंपन्या ११ वरच थांबवतात. ही मर्यादा वायफाय कार्डाच्या आत कारखान्यातच लिहिलेली असते.

असं कार्ड १२ आणि १३ वर ऐकतच नाही. रेडिओचा काटा जिथपर्यंत फिरतो त्याच्या पुढे स्टेशन असलं तर ते कितीही जोरात वाजत असो, आपल्याला ते नाहीच, तसं. म्हणून राउटरला चिकटवून ठेवला तरी लॅपटॉपला नाव दिसत नव्हतं.

मोबाईलला का दिसत होतं? फोनला सिमच्या नेटवर्कवरून आपण कुठल्या देशात आहोत हे कळतं आणि तो त्या देशाचे नियम लावतो. काही नवी लॅपटॉप कार्डंसुद्धा आजूबाजूच्या राउटरच्या सिग्नलमधला देशाचा कोड वाचून जुळवून घेतात. हे कार्ड जुनं होतं, फक्त २.४ चं, आणि त्याला तशी सोय नव्हती.

लॅपटॉप उलटा करून बघितला. चार्जरची पिन अमेरिकन चपटी, तिला कन्व्हर्टर लावलेला. कीबोर्डवर ४ च्या कळीवर डॉलर होता, आपल्याकडे विकायच्या लॅपटॉपवर असतं ते रुपयाचं चिन्ह नव्हतं. तिकडच्या कुठल्या तरी ऑफिसातून निघून, साफसूफ होऊन तो इकडे आला होता. यात गैर काही नाही. रिफर्बिश्ड बाजारात अशी मशीन येतात आणि वर्षानुवर्षं चालतात. फक्त कार्डाची ही मर्यादा विकणाऱ्याला माहीत नव्हती, त्यामुळे त्याने सांगितली नाही.

आता सगळं जुळत होतं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत त्रास नव्हता, कारण जुना राउटर कुणीतरी एका चॅनलवर कायम करून ठेवलेला असावा. नवा राउटर ऑटोवर होता. चालू होताना तो आजूबाजूला ऐकायचा आणि त्यातल्या त्यात मोकळा चॅनल घ्यायचा. शेजारी १, ६ आणि ११ धरून बसल्यामुळे मोकळा म्हणजे बहुतेक वेळा वरचं टोक. कधी त्या क्षणी शेजाऱ्याचाही राउटर लाईटमुळे बंद असला की याला ६ किंवा ११ मोकळा वाटायचा आणि लॅपटॉपचे चार दिवस बरे जायचे. केबलवाल्याचं पहिलं बंद-चालू यशस्वी झालं आणि दुसरं झालं नाही, तेही यामुळेच. दुकानातून लॅपटॉप परत आला त्या दुपारी रजिस्टरमध्ये लाईट गेल्याची नोंद आहे. नाव परत आलं ते तिच्यामुळे, आणि श्रेय मिळालं नेटवर्क रिसेटला.

खात्री

एवढं जुळलं तरी मी तिथे थांबत नाही. चॅनल बदलला आणि वायफाय आलं, तर बदलताना राउटर पुन्हा सुरू झाला म्हणून आलं असंही कुणी म्हणू शकतो. याआधी दोनदा अशाच योगायोगाने सगळ्यांची दिशाभूल झाली होती. म्हणून बिघाड घालवण्याबरोबर तो हवा तेव्हा परतही आणता आला पाहिजे.

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड कारखान्याकडे नव्हता. केबलवाल्याच्या मुलाला बोलावलं. तो जरा नाराज होता, त्याच्या राउटरवर आरोप येणार असं त्याला वाटत होतं. मी आधीच सांगितलं की राउटरमध्ये दोष नाही, एक सेटिंग या लॅपटॉपच्या सोयीची करायची आहे. मग त्याने हौसेने साथ दिली. ऑटो काढून चॅनल ६ केला : लॅपटॉपच्या यादीत नाव. १३ केला : नाव गेलं, मोबाईलला मात्र तसंच. ११ केला : आलं. १२ केला : गेलं. तो मुलगा स्वतःच म्हणाला, "मॅडम, आता तुम्हीच नंबर सांगा, मी लावतो, बघू लॅपटॉप ओळखतो का." मॅडमनी ११ सांगितला, मग १३. दोन्ही वेळा जे व्हायला हवं तेच झालं. मालक मागे उभे राहून बघत होते. फॉरमॅटचा विषय तिथे संपला.

पुढचे पर्याय

कारण कळलं तरी उपाय एकच नव्हता, आणि मालकांनी सगळे ऐकून घेतले.

राउटरचा चॅनल कायम करणं सगळ्यात स्वस्त, फुकटच. पण राउटर केबलवाल्याचा. तो कधी बदलला, रिसेट झाला, की पुन्हा ऑटो.

लॅपटॉपला भारतात विकला जाणारा यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं छोटं वायफाय कार्ड, लावणं. काहीशे रुपयांचं काम, आणि लॅपटॉप कुठेही नेला तरी अडचण नाही. मात्र एक यूएसबी जागा अडते, आणि टेबलावर हलवाहलवीत तो तुटण्याचा संभव असतो.

आतलं कार्ड बदलणं मी नको म्हटलं. काही जुन्या ऑफिस लॅपटॉपमध्ये बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) ठराविकच कार्ड स्वीकारतो; दुसरं बसवलं तर मशीन सुरूच होत नाही. हा लॅपटॉप तसा आहे का, हे उघडून बघेपर्यंत कळणार नव्हतं, आणि रिटर्न भरायच्या आठवड्यात तो धोका कशाला घ्यायचा?

लॅन केबल हा मला मनापासून पटणारा पर्याय होता. एका जागी बसून पैशाचे व्यवहार करणाऱ्या मशीनला वायर असावी, असं मी सगळ्यांना सांगतो. पण राउटर मालकांच्या केबिनमध्ये आणि मॅडमचं टेबल दाराच्या बाजूला. मधून वायर नेली तर जाण्या-येण्याच्या वाटेत, आणि छतावरून न्यायची तर पत्र्याखाली पाईप टाकायला हवा. मालक म्हणाले, पावसाळ्याआधी शेडचं काम निघणार आहे, तेव्हा बघू.

५ गिगाहर्ट्झवर जाता येतं का, हे मालकांच्या मुलाने विचारलं. २०१८ मध्ये भारतात त्या पट्ट्याचा बराच भाग खुला झाल्यापासून नवे राउटर दोन्ही पट्ट्यांचे मिळतात आणि तिथे गर्दीही कमी असते. पण इथला राउटर आणि लॅपटॉपचं कार्ड, दोन्ही फक्त २.४ चे.

मुलाने विंडोजमध्ये देश भारत करून बघू असंही सुचवलं. ते आम्ही केलं. त्याने तारखेची आणि रुपयाची मांडणी बदलते, कार्डाच्या आतली नोंद बदलत नाही. अपेक्षेप्रमाणे १३ दिसला नाही.

काय केलं

चॅनल कायम करायचा ठरला. आता १, ६ की ११, हा छोटा पण विचार करण्यासारखा प्रश्न होता. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे हे तीनच, आणि तिन्हीवर कुणी ना कुणी होतं. मधला एखादा, म्हणजे ३ किंवा ८, मोकळा दिसतो म्हणून घ्यावासा वाटतो. पण त्याने दोन्हीकडच्यांच्या गोंधळात आपण सापडतो. एकाच चॅनलवर असलेली यंत्रं निदान एकमेकांचं ऐकून थांबतात, अर्धवट मिसळणाऱ्यांना ते जमत नाही. मॅडमच्या टेबलाजवळ मोबाईल धरून बघितलं तर ६ वरचं गोडाऊन सगळ्यात लांब आणि सगळ्यात क्षीण होतं. म्हणून ६. चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली, म्हणजे शेजाऱ्यांच्या जागेत पाय पसरायला नको.

राउटरवर कागद चिकटवला : "चॅनल ६, रुंदी २०. ऑटो करू नये. ऑटो केल्यास हिशेबाच्या लॅपटॉपला वायफाय दिसत नाही." केबलवाल्याच्या मुलाने तेच आपल्या वहीत कारखान्याच्या कनेक्शनपुढे लिहून घेतलं. सेटिंगचा पासवर्ड बंद पाकिटात मालकांकडे ठेवायला त्याने होकार दिला.

बरोबरीने एक डोंगल घेऊन, लॅपटॉपला लावून १३ वर चालतो याची खात्री करून ठेवला. राउटरला छोटी बॅटरी लावायची का, यावर थोडी चर्चा झाली. लाईट गेल्यावर नेट राहावं म्हणून ती चांगलीच, आणि नंतर त्यांनी बसवलीही. पण ती आधी बसली असती तर राउटर क्वचितच बंद झाला असता, नाव महिन्यातून एखादेवेळी गायब झालं असतं, आणि लाईटशी संबंध सापडणं फार अवघड गेलं असतं.

निष्पत्ती

जीएसटीआर-१ वेळेत गेला. मे महिन्यात वळवाचे पाऊस झाले, लाईट जात-येत राहिली, नाव गेलं नाही.

पावसाळ्यात एकदा गेलं. केबलवाल्याकडे दुसरा माणूस आला होता, त्याने स्पीडच्या तक्रारीवरून राउटर रिसेट केला आणि कागद वाचला नाही. मॅडमनी यादी बघितली, शेजारचे आहेत, आपलं नाही. मोबाईलवरच्या अॅपमध्ये चॅनल बघितला, १२. त्यांनी त्याच माणसाला फोन लावून कागदावरचा मजकूर वाचून दाखवला. तो दाराबाहेरही गेला नव्हता. परत येऊन त्याने सेटिंग केलं. मला हे नंतर कळलं, आणि या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त आनंद देणारा भाग हाच आहे. दोन महिन्यांपूर्वी ज्यांचं काम दुसऱ्याच्या मोबाईलवर अडत होतं, त्यांनी बिघाड ओळखला, पुरावा बघितला आणि योग्य माणसाला योग्य शब्दांत सांगितला.

वेगळं काय करता आलं असतं

केबलवाल्याने "सगळ्या मोबाईलला चालतंय" हे बघितलं, ते बरोबरच होतं. पण त्याने लॅपटॉपला दुसरं कुठलं वायफाय दिसतं का, हे विचारलं असतं तर पहिल्याच भेटीत दोन्ही बाजू ठीक असल्याचं कळलं असतं. हॉटस्पॉटची चाचणीही दोन मिनिटांची असते. फक्त एक सांभाळायचं : जुन्या कार्डासाठी फोनचं हॉटस्पॉट २.४ वर ठेवायचं, नाहीतर तेही दिसत नाही आणि कार्ड बिघडल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दुकानदाराने ड्रायव्हर आणि रिसेट एकाच बैठकीत केलं, आणि तेही जिथे बिघाड दिसतच नव्हता तिथे. लॅपटॉप दुकानात नेण्याऐवजी माणूस कारखान्यात गेला असता तर त्याला गायब नाव प्रत्यक्ष दिसलं असतं. सोलापुरात ऑफिसात येऊन बघणारा माणूस मिळणं अवघड नाही, पण लॅपटॉप उचलून न्यायची सवय पडली आहे. वायफायची तक्रार त्या जागेवरच तपासावी लागते, कारण निम्मं प्रकरण त्या जागेत असतं.

फॉरमॅटला होकार देताना मालकांनी डेटाच्या प्रतीची तारीख विचारली नव्हती. आता मॅडम दर शनिवारी बॅकअप घेतात आणि तारीख वहीत लिहितात.

मालकांच्या मुलाने लाईटचा धागा "दरवेळी होत नाही" म्हणून सोडला. तिथे त्याने रजिस्टर मागवलं असतं तर माझी गरज पडली नसती. "दरवेळी" या प्रश्नाला दोन दिशा असतात, आणि त्याने एकच तपासली. लाईट गेली की वायफाय जातं का? नेहमी नाही. वायफाय गेलं तेव्हा त्याआधी लाईट गेली होती का? नेहमी.

ई-वे बिल निघण्यासाठी गाडी थांबली त्या दिवशी एक मार्ग हाताशी होता, तो कुणाला सुचला नाही. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून नेट देता येतं, त्यात वायफायचा प्रश्नच येत नाही आणि फोनची बॅटरीही उतरत नाही. ड्रायव्हरला आल्या पावली निघता आलं असतं.

पुढच्या दिवाळीला नवा लॅपटॉप घ्यायचा विचार आहे. मुलाने दुकानात विचारायचे प्रश्न माझ्याकडून लिहून घेतले : कार्ड दोन्ही पट्ट्यांचं आहे का, रिफर्बिश्ड असेल तर मूळ कुठल्या देशातला, आणि पैसे देण्याआधी फोनवर चॅनल बघून १२ किंवा १३ वरचं एखादं वायफाय लॅपटॉपच्या यादीत येतं का. शेडचं काम पूर्ण झालं तेव्हा लॅनची वायर पाईपातून मॅडमच्या टेबलापर्यंत आली आहे. रोजचं काम आता त्यावर चालतं, आणि वायफाय पर्यायी म्हणून ६ वरच ठेवलं आहे.